दिवेलागणीआधी की नंतर

रेचलचं पत्र येऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत द्वारकानाथ टिपणिसांनी त्याला उत्तर लिहायला किती वेळा घेतलं, याची गणती त्यांनाच नव्हती. "प्रिय रेचल, तुझं पत्र पोचलं" इथपर्यंत हात सरळ चाले. पुढच्या ओळीपाशी पेन अडे, मग कागदाची घडी होई आणि ती हाताशी असेल त्या पुस्तकात जाऊन बसे. टिपणिसांच्या कपाटातलं कुठलंही पुस्तक झटकलं, तरी त्यातून एखादा "प्रिय रेचल" खाली पडावा, अशी अवस्था होती.

पत्र तसं लांबलचक नव्हतं. इस्रायलमधल्या एका लहान गावाहून आलेलं, निळ्या शाईतलं, शाळेत गिरवलेल्या वळणाचं मराठी. "टिपणीसदादा, आई गेल्यावर बाबांच्या पुण्यतिथीचा दिवा आता मीच लावते. इथले वडीलधारे विचारतात, बाबा सूर्य मावळण्याआधी गेले की नंतर? आमचा दिवस मावळतीला बदलतो, हे बाबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. आई बुधवार धरून चालायची, पण तिलाही खात्री नव्हती. तुम्ही त्यांच्या उशाशी होता. तेव्हा दिवेलागण झाली होती का, एवढंच कळवा. मी चुकीच्या दिवशी दिवा लावते आहे की काय, या विचाराने मला झोप लागत नाही."

तुम्ही उशाशी होता. तिथंच तर सगळं अडलं होतं.

रेचलचे वडील, एझ्रा हासाजी अष्टमकर, हे कोकणातले ज्यू; सर्व्हे ऑफिसात नकाशे काढत. बायको आणि मुलगी इस्रायलला गेल्या तेव्हा ते मागे राहिले. "या वयात नवी लिपी डोळ्यांत शिरत नाही," म्हणत. कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात त्यांचं घर होतं, आणि पूल ओलांडून रोज सकाळी ते रोह्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला येत. टिपणीस तिथले ग्रंथपाल. लोक त्यांना मास्तर म्हणत, कारण ग्रंथपाल हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नसे. दोघांची मैत्री कमी बोलणाऱ्या माणसांची असते तशी होती. पुढे एझ्रा अंथरुणाला खिळले आणि टिपणीस रोज संध्याकाळी अष्टमीला जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. तसा शब्दच त्यांनी रेचलला फोनवर दिला होता.

आणि मग तो बुधवार आला. रमजानचा महिना, थंडीचे दिवस. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, आजचा दिवस निघाला तर निघाला. संध्याकाळी टिपणीस नेहमीप्रमाणे निघाले, मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत आले, आणि तिथं त्यांचे पाय थांबले. माणूस जाताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. कोपऱ्यावरून एझ्रांच्या घराचा ओटा दिसत होता. ते थोडा वेळ उभे राहिले आणि मागे फिरले. वाचनालयात जाऊन समोर एक पुस्तक उघडून बसले. कुठलं, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. बऱ्याच वेळाने धीर करून गेले, तेव्हा एझ्रांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

परदेशी फोनच्या बूथवरून त्यांनी रेचलला कळवलं. पलीकडे ती रडत होती. "दादा, तुम्ही होता ना जवळ? बाबा एकटे नव्हते ना?"

"होतो," टिपणीस म्हणाले. "होतो ना."

भीड ही भिकेची बहीण, असं त्यांची आई म्हणायची. टिपणिसांच्या तोंडून जन्मात 'नाही' हा शब्द धड निघाला नव्हता. कुणी वर्गणी मागितली की हो, कुणी पुस्तक मुदतीनंतर ठेवलं तरी हो. त्या दिवशीचं 'होतो' हेही त्याच जातीचं. समोरच्याला जे ऐकायचं असतं ते देऊन मोकळं व्हायचं. फक्त या एका हो-मधून ते मोकळे झाले नव्हते.

निवृत्तीनंतर ते पेणला मुलाकडे राहायला आले, त्यालाही अठरा वर्षं झाली. आठवड्यातून एकदा अष्टमीहून इंदुबाई वाल आणि पावटे घेऊन दारावर येत. गेल्या खेपेला माप ओतता ओतता त्या म्हणाल्या, "आमची बतूल चालली, मास्तर. पोरानं मस्कतला बोलावली. शनवारी विमान. आता कुठली परत येतेय!"

बतूल म्हणजे एझ्रांच्या शेजारची. शेवटच्या दिवसांत त्यांचं जेवणखाण, औषधपाणी तीच बघायची. त्या संध्याकाळी घरात कुणी असलंच, तर तीच असणार. दिवेलागणीआधी की नंतर, हे सांगू शकेल असं पृथ्वीच्या पाठीवर तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते शनिवारी विमानात बसणार होतं.

गुरुवारी सकाळी टिपणिसांनी नातीची जुनी सॅक काढली. ती शिकायला पुण्याला गेल्यापासून सॅक खुंटीला लटकत होती. मुलगा सुशील कंपनीतली रात्रपाळी करून नुकताच आला होता.

"कुठं निघालात बाबा?"

"जरा फिरून येतो म्हटलं. कोलाड, रोहा. स्थळं बघावीत."

"एकटे? पाठीला सॅक लावून?" सुशीलला हसू आवरेना. "अगो, बघ गो बाबांकडे! शहात्तराव्या वर्षी फिरस्ते झाले." पण त्याला बरं वाटलं होतं. सासरे पुस्तकातून डोकं काढून बाहेर पडताहेत म्हणून सूनबाईंनी हौसेने दशम्या दिल्या, पाण्याची बाटली दिली आणि डोक्यावर उन्हाची टोपी चढवली.

त्या सॅकने आणि टोपीनेच घात केला.

पेणच्या स्टँडवर पाऊल ठेवतात न ठेवतात तो गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तिशीतला गडी पुढे आला. ओळखपत्रावर रितेश लिहिलेलं होतं. "काका, वेलकम पेण! गणपतीचे कारखाने बघायचे ना? फुकट दाखवतो. कुठनं आलात? पुणे?"

टिपणीस चार गल्ल्या पलीकडे राहत होते. 'मी इथलाच' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. पण त्याचा उत्साही चेहरा पडलेला बघवणार नाही असं त्यांना वाटलं, आणि ते नुसतंच "अं" म्हणाले.

"पुणेच! टोपीवरनं ओळखलं मी. चला, धा मिनिटांत आणून सोडतो."

मग स्वतःच्याच गावात टिपणीस पाहुण्यासारखे रितेशच्या मागोमाग गेले. कारखान्यात मांडणीवर पांढऱ्याफटक मूर्तींच्या रांगा होत्या. सोंडा झाल्या होत्या, पोटं झाली होती, चेहरे मात्र कोरे.

"यांना डोळे?" टिपणिसांनी विचारलं.

"डोळे शेवटी, काका. ते आखणारा माणूसच वेगळा. त्याला घाई करून चालत नाय. एक रेघ चुकली की देव तिरळा." रितेश स्वतःच्या विनोदावर हसला. "बरं, आता वहिनीकडं चला. पोह्याचे पापड असे की पुण्यात सोन्याच्या भावात मिळणार नायत."

टिपणिसांच्या घरी पोह्याच्या पापडांचे दोन डबे भरलेले होते. त्यांनी आणखी दोन पाकिटं घेतली. स्टँडवर परतले तेव्हा रोह्याची थेट गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. कंट्रोलरने सांगितलं, महाडच्या गाडीत बसा, कोलाडला उतरा, तिथनं रोह्याला काही ना काही मिळतं.

कंडक्टरने आधारकार्डावरचं साल बघितलं आणि फुकटचं तिकीट हातात दिलं. "फिरा आजोबा, सगळा महाराष्ट्र फिरा. सरकारची बायको झालोय आम्ही, पंच्याहत्तरीपुढच्यांना घरचं जेवण, फुकट." मागच्या बाकावरच्या बायका हसल्या. टिपणीस खिडकीकडे सरकले. गडबची कापून झालेली भातखाचरं गेली, रस्त्याच्या कडेची टपऱ्यांची रांग गेली. खांब गावापाशी रस्त्याच्या कामात गाडी अर्धा तास अडकली. एकीकडे त्यांना वाटत होतं, उशीर होतोय. आणि दुसरीकडे, त्याच क्षणी, छातीवरचं काहीतरी हलकं होत होतं. गाडी अशीच अडकून राहिली तर आपला काय दोष? हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. मग वाटलं, ही शरम तरी खरी आहे का?

कोलाडच्या नाक्यावर उतरताच दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी घेरलं.

"काका, राफ्टिंग! शेवटची बोट सुटतेय. लाइफ जॅकेट, हेल्मेट, सगळं आपलं."

"अरे म्हाताऱ्या माणसाला बुडवतोस काय? काका, तुम्ही किनाऱ्यावर बसा. हातात वल्हं देतो, फोटो काढतो. घरी कोण बघायला येणार हाय?"

टिपणीस "बरं बरं" म्हणत दोघांनाही मान डोलावत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की गिऱ्हाईक आपलंच. तेवढ्यात सहाआसनी मिनीडोअर रिक्षातून एक पन्नाशीचा माणूस खाली उतरला. त्याने टिपणिसांच्या पाठीवरची सॅक हक्काने काढून घेतली आणि गाडीत ठेवली. "सोडा रे त्यांना. साहेबांचं वय काय, तुमचं बोलणं काय! साहेब, मी काळुराम. रोहा ना? बसा. वाटेतली सगळी स्थळं दाखवत नेतो. भाडं शेअरचंच, येगळं काय घेणार नाय."

सॅक आत गेल्यावर मालकालाही जावं लागलं.

काळुराम गाडी चालवायचा, पण त्याचं खरं मन जमिनीत होतं. पहिल्या वळणालाच तो म्हणाला, "तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसानं नदीकाठी एक जागा ठेवावी बघा. पाच गुंठे. एनए, सातबारा साफ, नदीला लागून. आंब्याची कलमं आपल्यातर्फे."

"छान," टिपणीस म्हणाले.

छान म्हटल्यावर काळुरामने गाडी आडवाटेला घातली. एका तारेच्या कुंपणाजवळ उभं राहून त्याने हात पसरला. "ही. हितं झोपाळा. तितं पुस्तकाची खोली. पुस्तकाची खोली पायजे का नको?"

"पाहिजे," टिपणीस म्हणाले, आणि क्षणभर त्यांना ती खोली दिसलीही.

"मग? घरात कुणाला विचारायचं हाय का?"

"तसं... बघतो."

"बघतो म्हंजे हो. मी माणूस वळखतो." काळुराम खूष झाला. मग त्याने एक धरणाकडचा फाटा दाखवला, एक देवीचं देऊळ दाखवलं, मेव्हण्याच्या हॉटेलात चहा पाजला आणि मेव्हण्याच्याच घरगुती मुक्कामाच्या दोन खोल्या दाखवल्या. अवचितगड दिसू लागला तिथं गाडी थांबवून वर बोट केलं. "चढणार असाल तर माणूस देतो बरोबर."

टिपणीस गडाकडे बघत राहिले. दुपार झाली होती. प्रत्येक ठिकाणी ते हो म्हणत होते, उतरत होते, बघत होते. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना ठाऊक होतं की आपण उतरतो आहोत ते बघायला नव्हे. धाटावच्या कारखान्यांचा आंबूस वास गाडीत शिरला तेव्हा रोहा जवळ आल्याचं त्यांना कळलं.

"आता धाविर महाराजांचं दर्शन," काळुराम म्हणाला. "मग नदीवरचा घाट. मग तुम्हाला कुडा लेणीला न्यायचं तर..." तो थांबला. आरशातून त्याने मागे बघितलं. "साहेब, एक इचारू? तुम्हाला नक्की जायचं कुठं हाय?"

"अष्टमीला. तिथं एका बाईंना भेटायचंय. त्या परवा कायमच्या जातायत परदेशी."

"परवा जातायत?" काळुराम वळून बघायला लागला. "मग सकाळपासनं हे काय चाललंय आपलं?"

काळुरामने देवळापाशी गाडी थांबवली नाही. बाजारातून, पुलावरून त्याने त्यांना सरळ पलीकडे नेलं आणि मशिदीच्या कोपऱ्यावर सोडलं. "हितनं पुढं गाडी जात नाय. तुम्ही जाऊन या. मी हाय हितं. जागेचं मग बोलू."

कोपरा तोच होता. भिंतीचा रंग बदलला होता आणि तारांचं जाळं वाढलं होतं. टिपणीस उभे राहिले. मग मागे बघितलं तर काळुराम त्यांच्याकडेच बघत होता. निव्वळ त्याच्या भिडेने त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

एझ्रांचं घर कुणीतरी पाडून तिथं दुमजली इमारत बांधली होती. शेजारच्या घरापुढे ओट्यावर दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या, आणि सत्तरीची एक बाई लोणच्याची बरणी कपड्यात गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली आणि डोळे बारीक केले.

"मास्तर?"

"हो, भाभी."

"या अल्ला! किती वाळलात. बसा, बसा. ती बॅग सारा बाजूला. वासिफ म्हणतो तेवीस किलो. तेवीस किलोत बाईचा संसार बसतो होय? सुके सोडे नको म्हणाला, विमानात वास येतो. म्हटलं, तुझ्या आईलाच वास येतो असं सांग." ती हसली आणि मग एकदम थांबली. "तुम्ही मला भेटायला आलात?"

"इंदुबाई म्हणाल्या, तुम्ही चाललात." टिपणीस ओट्याच्या कडेवर बसले. सॅक मांडीवर घेतली. रस्ताभर जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "भाभी, एक विचारायचं होतं. एझ्राभाईंचं. ते गेले त्या दिवशी... म्हणजे मी त्या वेळी... रेचलने पत्रातून विचारलंय, की नेमकं केव्हा..."

बतूलने बरणी खाली ठेवली. "सत्तावीस वर्षं लागली होय मास्तर, त्या कोपऱ्यावरनं हितपर्यंत यायला?"

टिपणिसांना वाटलं, आपण बरोबर ऐकलं नाही.

"मी बघितलं होतं तुम्हाला," बतूल म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "रोजा सोडायची वेळ झालेली. मी खिडकीशी, अजानीकडं कान लावून. तुम्ही कोपऱ्यावर आलात. उभे राहिलात. मग फिरलात. मला वाटलं, काय विसरला असेल माणूस, येईल परत."

"मला भीती वाटली," टिपणीस म्हणाले. हे वाक्य त्यांनी याआधी कुणापुढेही उच्चारलं नव्हतं, कागदावरसुद्धा नाही.

"ती काय मला नव्हती वाटत? वासिफ येवढासा. घरात दुसरं कोण नाय." तिने बरणीच्या कापडाला उगीचच आणखी एक गाठ मारली. "दुपारपासनं एकच चाललेलं त्यांचं, मास्तर आले का, मास्तर आले का. पेपर उशाशी घडीचा. म्हटलं, चाचा, वासिफकडनं वाचून घेऊ? चौथीत होता तो. तर हात असा हलवला. नको म्हणून."

गल्लीतून एक स्कूटर गेली.

"तुम्ही फिरलात आणि तेवढ्यात त्यांनी परत विचारलं, आले का? मी म्हटलं, आले चाचा. आलेत. बाहेर चपला काढतायत."

टिपणिसांनी सॅकचा पट्टा घट्ट धरला.

"चेहरा असा सैल पडला त्यांचा. डोळे मिटून घेतले. मग अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला, पाणी प्याले, आणि त्याच पाण्यातला एक चमचा त्यांच्या तोंडात सोडला. गिळलं त्यांनी. व्हय, गिळलं. तोवर जित्ते होते. मग मी मगरीबच्या नमाजाला उभी राहिले. नमाज संपवून मान फिरवली, तर गेलेले."

"म्हणजे सूर्य मावळल्यावर."

"मावळल्याबिगर अजान होते होय? तुम्ही येवढी पुस्तकं वाचलीत!" बतूल म्हणाली. "मावळल्यावरच. आमचा पण दिवस तिथंच बदलतो मास्तर, त्यांच्यासारखा. मी विसरेन होय? रोज्यात खोटं बोलले मी मरत्या माणसाशी. ईद झाल्यावर तो एक रोजा परत धरला. मौलवी म्हणाले, गरज नाय. म्हटलं, तुम्हाला नसेल, मला हाय."

दिवेलागणीनंतर. इतकंच हवं होतं, आणि ते मिळालं होतं. इतकी वर्षं दिवा एक दिवस आधी लागत आला होता. टिपणिसांनी उठायला हवं होतं, पण ते उठले नाहीत.

"रेचलला वाटतं, मी उशाशी होतो," ते म्हणाले. "मीच तसं सांगितलं होतं."

बतूल थोडी पुढे सरकली आणि घरातल्या माणसाला समजवावं तशी बोलू लागली. "मग तसंच राहू द्या ना. मावळल्यावर गेले एवढं लिहा. बाकीचं कशाला? ती तितं येवढ्या लांब, आता म्हातारी झाली असेल. तिला कशाला नवं दुख? चाचांच्या मनानं तुम्ही आलेलाच होता. मी कुणाला बोलणार नाय. आता तर जातेच हाय मी. माझा एक रोजा गेलाय त्यापायी, तो फुकट घालवू नका. लिहा, होतो म्हणून."

बोलणं खोटं नव्हतं. प्रेमाचं होतं, आणि सोयीचंही. दिवसभर ज्यांनी ज्यांनी त्यांना काही घ्यायला लावलं, त्यांच्यापैकी कुणीच इतक्या मायेने लावलं नव्हतं. टिपणिसांच्या तोंडात नेहमीचं 'बरं' तयार होतं. ते त्यांनी आत धरून ठेवलं. त्याला वेळ लागला. बतूल वाट बघत होती.

"नाही, भाभी," ते म्हणाले.

"का?"

"तुम्ही तुमचा रोजा परत धरलात. माझं राहिलंय."

डोळ्यांना पदर लावून बतूल आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा पिताना दोघांनी वासिफविषयी, मस्कतच्या उन्हाविषयी, तिथं तांदूळ कसा मिळतो त्याविषयी बोलून घेतलं. निघताना टिपणिसांनी सॅकमधली पापडाची पाकिटं काढून तिच्यापुढे ठेवली.

"आणखी वजन!" ती म्हणाली. पण पाकिटं तिने बॅगेत सगळ्यात वर ठेवली. "मास्तर, चाचांच्या पोरीला माझा सलाम लिहा. म्हणावं, बतूलनं पाणी पाजलं होतं."

काळुराम कोपऱ्यावर थांबला होता. "झाली भेट?"

"झाली. पोस्टात सोडा."

त्यांचा चेहरा बघून जागेचा विषय त्याने काढला नाही. पुलावरून येताना फक्त एवढंच म्हणाला, "पोस्ट लवकर बंद होतं. दामटतो गाडी."

पोस्टात गर्दी नव्हती. टिपणिसांनी पाकीट आणि दोन कोरे कागद घेतले आणि खिडकीशेजारच्या उतरत्या टेबलापाशी उभ्यानेच लिहायला लागले. "प्रिय रेचल" या शब्दांपाशी पेन सवयीने अडलं. मग पुढे गेलं.

"बाबा बुधवारी सूर्य मावळल्यानंतर गेले. अजान होऊन गेली होती. म्हणजे तुमच्या हिशेबाने तो गुरुवार. इतकी वर्षं तुमच्याकडे दिवा एक दिवस आधी लागला, तो दोष माझा आहे. मी त्यांच्या उशाशी नव्हतो. फोनवर मी तुला खोटं सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो, भीती वाटली आणि परत फिरलो. शेजारच्या बतूलभाभी त्यांच्याजवळ होत्या. शेवटचं पाणी त्यांनी पाजलं. बाबा एकटे नव्हते. बाबा माझी वाट बघत होते."

पुढची ओळ त्यांनी लिहिली आणि खोडली. "मी आलो असं बतूलभाभींनी त्यांना सांगितलं, आणि ते तसं समजून गेले." ही ओळ रेचलच्या समाधानासाठी आहे की आपल्या? त्यांनी ती पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. शेवटी वाटलं, ते सुख होतं ते एझ्रांचं होतं, आणि ते लेकीला कळायला हवं. मग तिसऱ्यांदा लिहून तशीच ठेवली. त्याखाली "बतूलभाभींचा सलाम" लिहिलं. क्षमा मागणारं वाक्य जुळेना. जे जुळलं ते पुस्तकी वाटलं, म्हणून तेही गाळलं, आणि नुसतं नाव घातलं.

खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला. "इस्रायल? थांबा, सध्या तिकडे टपाल घेतायत का बघते." त्यांनी बराच वेळ काँप्युटरवर बोटं चालवली. "घेतायत. पण केव्हा पोचेल ते सांगता येणार नाही. पत्ता बरोबर आहे ना, आजोबा?"

"अकरा वर्षांपूर्वीचा आहे."

बाईंनी वर बघितलं. "माणूस तिथंच आहे का मग?"

"ठाऊक नाही," टिपणीस म्हणाले. रेचल आता बहात्तर-त्र्याहत्तरची असेल. असेल, असं त्यांना वाटत होतं. असं वाटण्याला कुठलाच आधार नव्हता.

बाईंनी वजन केलं, तिकिटं लावली, आणि पाकीट त्यांच्याकडे परत सरकवलं. "बाहेरच्या पेटीत टाका. आजची उचल अजून व्हायचीय."

बाहेर ऊन कलतीला लागलं होतं, पण मावळतीला अवकाश होता. लाल पेटीच्या फटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि पत्ता एकदा शेवटचा वाचून घेतला. मग सोडून दिलं.